तारीख बरोबर होती, तरी काका दुखावले

ताई,
मी पस्तीस वर्षांची, सांगलीत राहते. बारा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली आणि दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून घरून संपादनाची कामं घ्यायला लागले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या ७९ वर्षांच्या एका काकांचं आत्मकथन माझ्याकडे आलं. ४२ हजार शब्द. ‘जरा नजर टाका,’ म्हणाले. १६ हजार रुपये ठरले, त्यातले पाच हजार आगाऊ मिळाले. दीड महिना राबून फाइल पाठवली, आणि त्याच संध्याकाळी त्यांचा फोन. ‘सगळं लालेलाल केलंय तुम्ही. हे माझं राहिलंच नाही.’ कोयनेच्या भूकंपाची तारीख चुकली होती ती मी सुधारली, तर म्हणाले, ‘मी तिथं होतो. तुम्ही होतात का?’ उरलेले पैसे आले नाहीत, पुस्तकही त्यांनी थांबवलंय. माझी एकही दुरुस्ती चूक नव्हती हो. त्यानंतर दोन चौकश्या आल्या. एकीनं विचारलं, ‘तुम्ही एआयला देऊन तर करत नाही ना?’ दुसऱ्यांनी वीस पानं आधी फुकट करून मागितली. लोकांचा माझ्यावर विश्वास बसावा म्हणून मी काय करू? दर कमी करू का? तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मोकळेपणानं सांगा.

— सांगलीची एक वाचक

*

मुलीच्या वयाची म्हणालीस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.

दर कमी करू नकोस. तुझ्या पत्रात दराची तक्रार कुणीच केलेली नाही. काकांनी केली नाही, त्या बाईंनी नाही, वीस पानंवाल्यांनीही नाही. तिघांची भीती एकच आहे: माझा मजकूर हिच्या हातात गेला की तिकडे त्याचं काय होईल, ते मला कळणार नाही. तू सगळा जोर दुरुस्ती बरोबर असण्यावर लावलास. लेखकाला मात्र आधी हे दिसावं लागतं, की मजकूर अजून त्याच्याच ताब्यात आहे.

पत्रासोबत तू एक पान पाठवलंस हे फार बरं केलंस. त्यातली दोन वाक्यं इथं देते. काकांनी लिहिलं होतं:

‘१० डिसेंबरच्या रात्री आम्ही क्वार्टरात गाढ झोपलो होतो न् एकदम पत्रे वाजायला लागले. मला वाटलं, वर वानरं नाचत्यात.’

तू केलंस:

‘११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे आम्ही निवासस्थानी गाढ झोपेत असताना अचानक छपराचे पत्रे वाजू लागले. छपरावर माकडे नाचत असावीत, असे मला वाटले.’

तारीख तुझीच खरी. भूकंप ११ डिसेंबरला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास झाला, हे नोंदलेलं आहे. पण त्या माणसाच्या जागी उभी राहून बघ. एकवीस वर्षांचा पोरगा दहा तारखेला रात्री जेवून झोपला आणि त्याच अंधारात घराबाहेर पळाला. त्याच्या लेखी ती दहाची रात्र संपलेलीच नव्हती. अठ्ठावन्न वर्षं त्यानं ती दहाची म्हणून सांभाळली, आणि तू न विचारता ती पुसलीस. योगायोग असा, की ग्रिनिचच्या घड्याळात त्या वेळी दहा तारीखच होती.

इथं दुरुस्तीऐवजी समासात एवढंच लिहायचं होतं: ‘काका, नोंदींत हा भूकंप ११ डिसेंबरच्या पहाटेचा आहे. तुम्ही झोपलात ती रात्र दहाची, म्हणून तुम्हाला दहा आठवत असावी. “दहा तारखेला रात्री झोपलो आणि पहाटे” असं केलं, तर तुमची आठवण राहील आणि वाचकही अडणार नाही. चालेल का?’ चारच वाक्यं. काकांनी ‘हो’ म्हटलं असतं, अशी माझी खात्री आहे. वर आपल्या मजकुराची हिनं किती काळजी घेतली, हेही त्यांना कळलं असतं.

बाकीच्या बदलांत मात्र मी तुझ्या बाजूनं नाही. क्वार्टरचं ‘निवासस्थान’ कशाला केलंस? धरणावरची माणसं क्वार्टरातच राहत. आणि वानर म्हणजे माकड नव्हे. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. माकड लाल तोंडाचं आणि अंगानं लहान. कोयनेच्या खोऱ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हा फरक डोळे मिटून कळतो. ‘नाचत्यात’चं ‘नाचत असावीत’ झालं, तिथं तर त्या पोराच्या अंगावरचा काटाच गेला. डेस्कवर बारा वर्षं तू बातम्या एका साच्यात बसवल्यास, तो हात तसाच इथं चालला. वर्तमानपत्राला एक आवाज लागतो, म्हणून तिथं ते योग्यच होतं. आत्मकथनात मात्र लेखकाचा आवाज हाच माल असतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनीही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा दिली आहे, आणि आत्मकथनात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोलणारं पात्र एकच असतं.

नियमांवरून आठवलं. तुझ्या त्या पानावर ‘नांव’, ‘कांही’ असे शब्द मला लाल झालेले दिसले. आजच्या नियमानं ते चूकच. पण महामंडळाचे पहिले चौदा नियम शासनानं मान्य केले ते १९६२ साली, आणि आणखी चार १९७२ मध्ये जोडले गेले. काका त्याआधी शाळेत होते. त्यांच्या गुरुजींनी हे अनुस्वार गिरवून घेतले असणार, न दिल्याबद्दल छडीही दिली असेल. त्यांना ते लाल दिसले तेव्हा काय वाटलं असेल? जे नीट शिकलो तेच ही पोरगी चूक म्हणतेय. फाइल पाठवण्याआधी ‘तुमच्या वेळी हे बरोबर होतं, नियम नंतर बदलले, म्हणून आता असं लिहितात’ एवढं फोनवर बोलली असतीस, तर शेदोनशे लाल खुणांचा डंख तिथंच गेला असता.

या लालेलालचा विचार आपण फार कमी करतो. ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक बदल रंगात दाखवणारी वर्डमधली सोय, लावून काम करायचं, हे बरोबरच आहे. पण ह्रस्वदीर्घाची दुरुस्ती आणि वाक्याची मोडतोड एकाच रंगात, एकाच जाडीची दिसते. लेखकाला दोन्ही सारखीच वाटतात. मी गेली कित्येक वर्षं दोन फेऱ्यांत काम करते. पहिल्या फेरीत निव्वळ शुद्धलेखन. त्याच्या खुणा ठेवत नाही. त्याऐवजी एका पानावर यादी देते: अनावधानाने नव्हे, अनवधानाने, दुरावस्था नव्हे, दुरवस्था, तज्ज्ञ आणि उद्ध्वस्त असे लिहिले, जुने अनुस्वार काढले, आकडे देवनागरीत ठेवले, बोलीतली रूपं जशीच्या तशी राखली. हे असं करणार, हे लेखकाला सुरुवातीलाच सांगितलेलं असतं, आणि मूळ फाइल वेगळी जपलेली असते. दुसऱ्या फेरीत अर्थाला किंवा वाक्याच्या चालीला हात लागतो. तिथं प्रत्येक खूण दिसते आणि जिथं शंका तिथं प्रश्न असतो. पानावर मग चाळीसऐवजी पाचसहा खुणा उरतात, आणि लेखक त्या वाचतो.

अजून एक बघ. काकांनी मजकूर कुठून टाइप करून घेतला होता? तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात असेल आणि तू तो आजच्या युनिकोडमध्ये आणला असशील, तर रूपांतरात रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात. ती मोडतोडही लेखक तुझ्याच माथी मारतो. त्याचा तरी काय दोष? त्याच्याकडून फाइल चांगली गेली आणि तुझ्याकडून तुटकी आली, एवढंच त्याला दिसतं. म्हणून रूपांतर झालं की आधी ते मुळाशी ताडून स्वच्छ करायचं, लेखकाला दाखवायचं, आणि मगच संपादनाला बसायचं. आणि ७९ वर्षांच्या माणसाला वर्डची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नये. मोबाइलच्या पडद्यावर त्या खुणांचं जे होतं ते बघून मीही घाबरेन. छापून पाठव. झेरॉक्सवाल्याला शंभर-दीडशे पानांचे होतात किती?

आता ‘जरा नजर टाका’बद्दल. निम्मी भांडणं याच तीन शब्दांतून उगवतात. कुणी ते म्हणतो तेव्हा त्याच्या मनात असतं, की वेलांट्या-उकार बघा आणि ‘छान लिहिलंय’ म्हणा. आपण ऐकतो, की पुस्तक उभं करून द्या. म्हणून पैशाचं बोलण्याआधी कामाचं बोल, आणि ते लिहून दे. मुद्रितशोधन म्हणजे छपाईच्या आणि लेखनाच्या चुका, बस्स. भाषासंपादन म्हणजे वाक्य अडखळत असेल तर सरळ करणं, शब्द शक्यतो लेखकाचेच ठेवून. आशयाचं संपादन म्हणजे प्रकरणांचा क्रम, पुनरुक्ती, राहिलेले धागे. पुनर्लेखन हे वेगळंच काम आहे, त्याचे पैसेही वेगळे. ‘यातलं काय करू?’ असं विचारलं की बहुतेकांना उत्तर देता येत नाही. म्हणून नमुना करून दाखवायचा.

वीस पानं फुकट मात्र नकोत. ते काम झालं. सातआठशे शब्द कर, दोनतीन पानं होतील, आणि ती तू निवड. पहिलं पान घेऊ नकोस. लेखकानं ते पन्नास वेळा घासलेलं असतं, आणि त्यावरून ना त्याच्या लेखनाचा अंदाज येतो ना तुझ्या कामाचा. मधल्या प्रकरणातली पानं माग. तोच मजकूर दोन प्रकारे करून दे: एकदा हलक्या हातानं, एकदा भारी हातानं. लेखक दोन्ही शेजारी ठेवून बघतो आणि स्वतःच सांगतो, ‘मला हे हवं.’ त्यानं निवडलं की पुढच्या चाळीस हजार शब्दांचा वाद तिथंच मिटतो.

माझ्या बाबतीत घडलेलं एक सांगते. नवी होते तेव्हा साताऱ्याकडच्या एका शेतकऱ्याचं पुस्तक माझ्याकडे होतं. त्यांनी लिहिलं होतं, ‘पांदीतनं गाडी आणली.’ मला हा शब्द माहीत नव्हता. पुण्यात वाढलेली मी. टंकनाची चूक असेल म्हणून मी ‘पायवाटेने गाडी आणली’ केलं आणि विसरून गेले. दुसऱ्या प्रुफात त्यांनी ते धरलं. फोनवर रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, ‘ताई, पायवाटेनं बैलगाडी जात नसती.’ पांद म्हणजे दोन्हीकडच्या बांधांमधून जाणारी गाडीवाट, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. वर म्हणाले, पावसाळ्यात तिथं चाक आसापर्यंत रुततं. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांनी प्रत्येक पान मुळाशी ताडून बघितलं, रात्री जागून, चष्मा लावून, आणि मला ते कळत होतं. माझ्यावर टाकलेला भार त्यांनी परत स्वतःच्या डोक्यावर घेतला. अनोळखी शब्द बदलायचा नाही, विचारायचा, हा नियम मी त्या दिवसापासून धरला. आज माझ्याकडे अशा विचारून घेतलेल्या शब्दांच्या दोन वह्या भरल्यात. लेखकांना हा प्रश्न आवडतो. ‘हे तुमच्याकडं काय म्हणतात?’ विचारलं की माणूस खुलतो.

विचारण्याची ही रीत मराठीत जुनी आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक ‘सत्यकथा’ मासिकाकडे आलेल्या कथांवर लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत. १९८२ साली मासिक बंद पडलं, पण त्या पत्रांविषयी लेखक अजून बोलतात. आपल्याला तेवढी लांब पत्रं लिहायला सवड नाही. समासातला प्रश्न तरी जमतो.

आणि चूक आपलीच झाली तर? होणारच. एका संतकाव्यावरच्या प्रबंधात विद्यार्थिनीनं सगळीकडे ‘कवि’ लिहिलं होतं. मी रात्री अकराला थकून ‘रिप्लेस ऑल’ केलं, ‘कवि’चं ‘कवी’. फाइल पाठवून झोपायला गेले आणि अंथरुणात लक्षात आलं, की आता ‘कविता’ची ‘कवीता’ झाली असणार, ‘कविवर्य’चं ‘कवीवर्य’. उठून बघितलं, तर पानोपानी तेच. सकाळी सातला, तिनं फाइल उघडण्याआधी, फोन केला. काय केलं, का झालं, किती ठिकाणी झालं ते सांगितलं आणि दुपारी तीनपर्यंत नीट फाइल देते म्हटलं. पावणेतीनला दिली. आजवर तिच्या विभागातल्या पाच जणांची कामं माझ्याकडे आली आहेत. तिच्या मार्गदर्शक बाईंनी ती ‘कवीता’ आधी बघितली असती, तर एकही आलं नसतं.

एआयचं विचारणाऱ्या बाईंवर रुसू नकोस. प्रश्न रास्त आहे. त्यांचं अप्रकाशित लेखन आहे, ते कुठल्या सर्व्हरवर जातंय हे त्यांना कळायलाच हवं. पहिल्याच मेलमध्ये साध्या शब्दांत लिहून टाक: मी कोणती साधनं वापरते, कशासाठी, आणि तुमच्या लेखी परवानगीशिवाय मजकुराची एक ओळही अशा साधनात टाकणार नाही. आणि लिहिलंस तसंच वाग. घाईच्या दिवशी एक प्रकरण तिकडे टाकण्याचा मोह होईल, तेव्हाही.

दराचं थोडक्यात. शब्दांवर दर लाव, पानांवर नको. पान कुणाचं पुस्तकी डेमी आकाराचं असतं, कुणाचं ए-फोर. एक तृतीयांश आगाऊ, एक तृतीयांश निम्मं काम दाखवल्यावर, उरलेलं शेवटी. निम्म्यावर थांबून दाखवण्याचा हप्ता सगळ्यात महत्त्वाचा, कारण लेखकाला तिथं ‘पुढं नको’ म्हणण्याची सोय असते. तू दीड महिना दार लावून बसलीस आणि एकदम ४२ हजार शब्द समोर टाकलेस. दहाव्या दिवशी पहिलं प्रकरण गेलं असतं, तर वानरांचा वाद तिथंच झाला असता आणि तिथंच संपला असता. प्रकाशक, संस्था यांच्याशी काम करणार असशील तर छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून ठेव, ती ऑनलाइन आणि विनामूल्य होते. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. बिलाच्या खाली ही एक ओळ असली की हिशेब विभाग जरा लवकर हलतो.

काकांकडे मात्र कायदा घेऊन जाऊ नकोस. ११ हजार हा तुझा कष्टाचा पैसा आहे, तो सोड असं मी म्हणत नाही. पण या आठवड्यात त्याबद्दल बोलू नकोस. त्यांची मूळ फाइल घे आणि कोयनेचं प्रकरण पहिल्यापासून नव्यानं कर. फक्त शुद्धलेखन, आणि शंका असेल तिथं प्रश्न. क्वार्टर, वानरं, नाचत्यात, सगळं जागेवर ठेव. तारखेलाही हात लावू नकोस, तिथं प्रश्न लिही. मोठ्या टायपात, रुंद समास सोडून छाप. प्रश्न पेन्सिलीनं, तुझ्या अक्षरात लिही, म्हणजे त्यांना खोडता येतील. जमलं तर स्वतः नेऊन दे. सांगलीहून फार लांब नसतील. ‘काका, मी विचारायला हवं होतं,’ एवढंच म्हण. डेस्कवरच्या सवयीची कारणं देत बसू नकोस.

मग चहा होईल, आणि ते त्या रात्रीबद्दल बोलायला लागतील. वही काढ आणि ऐक. पत्र्यांचा आवाज किती वेळ चालला होता, क्वार्टरमध्ये शेजारी कोण होतं, बाहेर पडल्यावर थंडी होती का, ते विचार. मला वाटतं, पुस्तकात न आलेलं बरंच काही त्या बसण्यात मिळेल. पानं त्यांच्याकडे आठ-दहा दिवस राहू देत. ती परत आली, तर पुढच्या प्रकरणाचं आणि पैशाचं एकदमच बोला, निम्म्यावरच्या हप्त्यासकट. नाहीच आली, तर झालेल्या कामाचा हिशेब करून एक साधं पत्र टाक, एकदाच.

आणि ती पानं परत आली की तारखेपुढच्या प्रश्नाला काकांनी काय उत्तर लिहिलंय, ते मला नक्की कळव.